वराचा नकार

तरुण वर्गासाठीं अभ्यासपाठ. वाचावयाचे भाग : अनुवाद २२ : १३–२१, मत्तय १ : १८–२५, योहान ८ : १–११.

ह्या पाठाचा विषय मनुष्यमात्राचे हक्क हा आहे. हें नांव ऐकतांच आमच्या पुष्कळ शिक्षकबंधूंच्या मनांत दिल्ली, न्यायालयें, मोठमोठ्या सभा व त्यांचे ठराव उभे राहतात, आणि वर्गांतील मुलें जांभया देऊं लागतात. त्यांत मुलांचा दोष नाहीं. हक्क हा शब्द आपण नेहमीं दूरच्या सत्तेशीं जोडून शिकवितों. सरकारनें काय द्यावें, कारखानदारानें काय द्यावें, वरच्या जातींनीं काय सोडावें, एवढेंच त्यांत येतें. परंतु आपल्याच घरांत, आपल्याच जातभाईंच्या बैठकींत, आपल्याच बहिणीचा हक्क बुडविला जात असतां तरुणानें काय करावें, हा धडा कठीण आहे, व कठीण म्हणूनच तो सहसा काढला जात नाहीं. तो आज काढावयाचा आहे. त्यासाठीं फार लांब जावें लागत नाहीं. पुण्याच्या वायव्येस पिंपरी-चिंचवड आहे, तेथपर्यंत गेलें म्हणजे पुरे.

आमच्या गांवोगांवच्या मंडळ्यांत असें घर क्वचितच सांपडेल कीं ज्यांतील मुलगा, भाचा किंवा जांवई पिंपरी, भोसरी, आकुर्डी अथवा चाकण येथें कामास गेला नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस पेनिसिलिन करण्यासाठीं हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी कंपनी निघाली. पुढें टेल्को आली, बजाज आली, १९८२ सालीं तेथें महानगरपालिका झाली, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत चाकणचीं माळरानें मोटारींच्या कारखान्यांनीं भरून गेलीं. गांव सुटलें कीं जात सुटते, असा एक समज आपल्यांत आहे. यंत्रावर काम करितांना शेजारच्याची जात कोणी विचारीत बसत नाहीं, इतकें बऱ्याच अंशीं खरें. परंतु पाळी संपल्यावर माणूस वस्तींत परततो, आणि वस्तींत पंच बसलेले असतात.

पिंपरींत भाटनगर नांवाची वस्ती आहे. तेथें कंजारभाट समाजाचीं पुष्कळ घरें आहेत. ह्या समाजाची हकीकत सांगतांना प्रथम त्याच्यावर झालेला अन्याय सांगितला पाहिजे; नाहींतर पुढील गोष्ट ऐकून वर्गांत कोणीतरी नाक मुरडील, आणि पाठ तेथेंच फुकट जाईल. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें गुन्हेगार जमातींचा कायदा केला व १९११ च्या नव्या कायद्यानें तो सर्व देशभर पसरविला. त्या कायद्याखालीं ज्या जमातींची नोंद झाली त्यांतलें मूल पाळण्यांतच गुन्हेगार ठरे. मोठ्या माणसांनीं ठरल्या वेळीं हजेरी द्यावी, परवान्याशिवाय हद्द ओलांडूं नये, असा नियम असे. आणि मुंबई इलाख्यांत अशा कित्येक कुटुंबांस कुंपणाच्या आंत वसाहती करून ठेविलें होतें. सोलापूरच्या वसाहतीची व्यवस्था कांहीं काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती, हें आपण विसरूं नये. तेथें शिकविणारे चांगल्या मनाचे होते ह्याविषयीं मला शंका नाहीं. पण कुंपण तें कुंपणच. स्वतंत्र भारतांत ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं ह्या जमाती त्या कायद्याच्या यादींतून मोकळ्या झाल्या, म्हणून त्यांस विमुक्त जमाती असें म्हणतात.

ज्या लोकांस चावडी म्हणजे मार एवढेंच तीन-चार पिढ्या ठाऊक होतें, त्यांनीं आपले तंटे आपल्याच पंचांकडे नेले ह्यांत नवल काय? जातपंचायत हेंच त्यांचें न्यायालय झालें, तोच त्यांचा आधार झाला. आधार देणारा हात मान केव्हां धरूं लागला हें मात्र कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. तसें तें कोणत्याच समाजांत येत नाहीं.

ह्या समाजांत लग्नानंतर नववधूच्या कौमार्याची परीक्षा घेण्याची चाल चालत आली आहे. तिचें सविस्तर वर्णन येथें करीत नाहीं. शिक्षकांस समजण्यापुरतें सांगतों. वधूवरांस एका खोलींत पाठवितात. हल्लीं ती बहुधा लॉजमधील असते. बिछान्यावर पांढरें वस्त्र घातलेलें असतें व नातलग बाहेर वाट पाहतात. मग पंचांच्या भरल्या बैठकींत वराला विचारण्यांत येतें कीं, तुला मिळालेला माल खरा कीं खोटा? आणि तो आपलें उत्तर तीन वेळां उच्चारतो. माल! बाजारांत धान्याचें पोतें फोडून पाहतांना वापरावयाचा शब्द तो. वधूला कोणी कांहीं विचारीत नाहीं. वराचें उत्तर प्रतिकूल निघालें तर तिचा छळ व मारहाण होते, तिच्या आईबापांच्या माथीं दंड बसतो, कधीं लग्नच मोडतें.

येथें शिक्षकानें एक गोष्ट निःसंकोच सांगावी, कारण ती सांगणारें दुसरें कोणी गांवांत बहुधा नसतें. अशा वस्त्रावरून किंवा शरीराच्या कोणत्याहि तपासणीवरून स्त्रीच्या पूर्वायुष्याविषयीं कांहींएक सिद्ध होत नाहीं. पुष्कळ मुलींच्या बाबतींत पहिल्या रात्रीं रक्तस्राव होतच नाहीं, आणि तो कष्टामुळें, खेळामुळें वा आजारामुळें दुसऱ्या वेळींहि झालेला असूं शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनें संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांसह ऑक्टोबर २०१८ मध्यें हेंच जाहीर केलें कीं, कौमार्य परीक्षेस शास्त्राचा आधार नाहीं व ती सर्वत्र बंद झाली पाहिजे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानें २०१९ सालीं हा विषय वैद्यकीच्या अभ्यासक्रमांतून काढून टाकला; म्हणजे तोंवर डॉक्टरांच्या पोरांसहि तो शिकविला जात होता. तेव्हां अडाणीपणाचा शिक्का एकट्या भाटनगरावर मारून चालणार नाहीं.

आणि आपणहि बाहेर नाहीं. वाचावयाचा पहिला भाग आतां काढावा. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत काय आहे? नवरा बायकोवर आळ घेतो. तिचे आईबाप वस्त्र घेऊन गांवच्या वेशींत वडील मंडळींकडे जातात व तें त्यांच्यापुढें पसरतात. आळ खोटा ठरला तर नवऱ्यास फटके व शंभर शेकेल रुपें दंड; खरा ठरला तर त्या मुलीस तिच्या बापाच्या दाराशीं धोंडमार. वेस, वडील, वस्त्र आणि दंड. भाटनगरची बैठक व ही बैठक ह्यांत फार अंतर नाहीं. हा उतारा मीं मुद्दाम निवडला आहे. आमच्यापैकीं जो कोणी कंजारभाटांस हंसेल त्याच्या हातांतील पुस्तकांतच तो आहे, हें त्यास दाखवावें. मुली वर्गांत आहेत म्हणून शिक्षकानें हा भाग गाळूं नये. त्या सर्वांनीं तो आधींच चोरून वाचलेला असतो.

मग मत्तयाचा पहिला अध्याय काढावा. तेथें एक तरुण आहे. आपली वाग्दत्त वधू गरोदर आहे असें त्यास कळतें. शास्त्र त्याच्या बाजूस आहे, गांव त्याच्या बाजूस आहे, वेशींत वडील बसलेले आहेत. त्यानें एक शब्द उच्चारण्याचाच काय तो अवकाश. योसेफ तो शब्द उच्चारीत नाहीं. तिची बेअब्रू होऊं नये म्हणून तो गुपचूप वेगळें होण्याचा विचार करितो, आणि हा विचार स्वप्न पडण्यापूर्वींचा आहे, हें नीट ध्यानांत घ्यावें. मरीयेला घरीं आणण्याची आज्ञा त्याला देवदूताकडून झाली. तिला पंचांपुढें न नेण्याचा निश्चय त्याचा स्वतःचा होता. नाताळांत आपण योसेफाच्या हातांत काठी देऊन त्यास गोठ्याच्या कोपऱ्यांत उभा करितों, आणि सगळा कार्यक्रम होईपर्यंत तो बिचारा तेथेंच असतो. त्याची ही एक गोष्ट आपण कधीं शिकवीत नाहीं.

कंजारभाटांच्या त्या चालींतहि सगळी मदार वराच्या तोंडून निघणाऱ्या एका शब्दावर असते. वरानें तो शब्द बोलण्याचेंच नाकारलें तर पंचांच्या हातांत कांहीं उरत नाहीं. ही गोष्ट बाहेरच्या कोणा सुधारकानें येऊन सांगितली नाहीं. ती त्या समाजांतील तरुणांनींच ओळखली.

ओळखणारे पूर्वींहि होते. कृष्णा इंद्रेकर ह्यांनीं १९९० नंतरच्या दशकांत ही चाल नाकारून नोंदणी पद्धतीनें लग्न केलें, व त्याबद्दल समाजाचा रोष सोसला. परंतु तेव्हां त्यांच्या पाठीशीं उभें राहणारें फारसें कोणी नव्हतें. दोन दशकांनंतर विवेक तमायचिकर नांवाचे ह्याच समाजांतील एक तरुण मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेंत शिकत होते. आपल्या लग्नांत ही परीक्षा होऊं द्यावयाची नाहीं असें त्यांनीं ठरविलें. २०१७ च्या अखेरीस त्यांनीं व त्यांच्यासारख्या इतर तरुण स्त्रीपुरुषांनीं मोबाईलवर, व्हॉट्सॲप ह्या साधनानें, ‘स्टॉप द व्ही रिच्युअल’ नांवाचा गट उघडला. त्यांतील व्ही हें कौमार्य ह्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर होय. ज्या गोष्टीचें नांव घरांत उच्चारतां येत नव्हतें, तिच्याविरुद्धच्या चळवळीलाहि आरंभीं एका आद्याक्षराआड उभें राहावें लागलें! पण गट झाला, ही महत्त्वाची गोष्ट. इंद्रेकर ह्यांच्या वेळीं जो नकार एका घरापुरता राहिला तो आतां चार गांवच्या तरुणांचा झाला, आणि ते एकमेकांस नांवानें ओळखूं लागले. इंद्रेकर हेहि त्यांच्या बाजूस आले.

पुढें काय झालें तें वर्गास नीट सांगावें, कारण चळवळीच्या गोष्टी सांगतांना आपण मार खाण्याचा भाग लौकर उरकतों. जानेवारी २०१८ मध्यें भाटनगरांत एक लग्न होतें. तेथें आलेल्या ह्या गटाच्या तीन तरुणांस जमावानें मारहाण केली. मारणारे परधर्मी नव्हते, परजातीचेहि नव्हते. पिंपरी पोलिसांत गुन्हा दाखल झाला व धरपकड झाली. त्यानंतर हीं पोरें समाजाची बदनामी करितात अशी ओरड उठली, आणि ती करणाऱ्यांत स्त्रियाहि होत्या. ह्यावर कांहीं मुलें हंसतील व म्हणतील कीं ज्यांचा हक्क त्यांनाच नको तर आपण कशाला मरावें? त्यांस असें विचारावें : जी बाई स्वतः त्या खोलींतून जाऊन आली, जिनें तें चाळीस वर्षें गिळलें, तिनें आतां ती चाल निरर्थक होती असें कबूल करावयाचें म्हणजे आपलें सोसणेंच निरर्थक होतें असें कबूल करावयाचें. तें सोपें आहे काय? अशा बाईशीं वाद घालूं नये. तिच्या नातीचें लग्न नीट होऊं द्यावें. वाद आपोआप मिटेल.

मे २०१८ मध्यें विवेक व ऐश्वर्या तमायचिकर ह्यांचें लग्न झालें, आणि परीक्षा झाली नाहीं. एवढ्या एका वाक्यासाठीं सहा महिने झगडावें लागलें होतें. पण पंचांपाशीं दुसरें हत्यार होतें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, नवरात्राच्या दिवसांत, ऐश्वर्या भाटनगरांत दांडिया खेळावयास गेली. ती खेळांत उतरली आणि वाजविणें थांबविण्यांत आलें. तिला परतावें लागलें. वर सांगितलेली जागतिक आरोग्य संघटनेची घोषणा झाली ती ह्याच महिन्यांत. सातासमुद्रांपलीकडे जगांतील डॉक्टर तिच्या बाजूनें ठराव करीत होते, आणि ज्या वस्तींत तिला सर्व ओळखत होते तेथें तिच्यासाठीं टिपरी वाजत नव्हती.

ऐश्वर्यानें पोलिसांत तक्रार दिली, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या नव्या कायद्याखालीं गुन्हा नोंदला गेला. पिंपरी-चिंचवडास स्वतंत्र पोलीस आयुक्तालय होऊन तेव्हां जेमतेम दोन महिने झाले होते. तें १५ ऑगस्ट २०१८ रोजीं सुरू झालें.

बहिष्कार म्हणजे काय, हें ह्या पत्राच्या वाचकांस व्याख्या देऊन शिकविण्याचें कारण नाहीं. पाणवठा बंद, न्हावी बंद, वाण्याचें दुकान बंद, उसनें पीठ बंद, मयतास खांदा बंद, हें आमच्या पुष्कळ घरांत आज्याआजोबांच्या तोंडून ऐकलेलें आहे. नवा धर्म घेतला म्हणून तें भोगावें लागलें, आणि धर्म न बदलतां केवळ माणसासारखें वागूं म्हणणाऱ्या अस्पृश्य बांधवांसहि तेंच भोगावें लागलें. १९२८ सालीं मुंबई सरकारनें अस्पृश्य व आदिवासी लोकांच्या स्थितीची चौकशी करण्यास एक समिति नेमली. स्टार्टसाहेब तिचे अध्यक्ष होते व डॉ. बाबासाहेब आंबेडकर एक सभासद. हे स्टार्टसाहेब म्हणजे वर सांगितलेल्या गुन्हेगार वसाहतींचेच अधिकारी. अस्पृश्य मनुष्य आपला हक्क बजावूं लागला कीं गांव मजुरी, वाट व वाणसौदा बंद करून त्यास गुडघ्यावर आणितो, हें त्या समितीनें १९३० च्या अहवालांत नमूद केलें. त्याच वर्षीं लंडनास भरलेल्या गोलमेज परिषदेंत डॉ. आंबेडकर व रावबहादुर श्रीनिवासन हे प्रतिनिधि होते. त्यांनीं परिषदेपुढें जें निवेदन ठेविलें त्यांत बहिष्कार घालणें हा गुन्हा ठरवावा अशी मागणी होती. तिच्यासाठीं नमुना म्हणून त्यांनीं ब्रह्मदेशांतील १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा घेतला होता.

मागणी पुरी होण्यास किती काळ लागला तो पाहावा. १९४९ सालीं मुंबई राज्यानें वाळीत टाकण्यास बंदी करणारा कायदा केला. १९६२ सालीं दाऊदी बोहऱ्यांच्या धर्मगुरूंनीं आणलेल्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें तो रद्द ठरविला. धार्मिक कारणावरून एखाद्यास पंथाबाहेर काढण्याचा अधिकार हा धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे, असा त्या निकालाचा रोख होता. त्या निकालाचा पुन्हां विचार व्हावा म्हणून २०२३ सालीं तो प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोंपविण्यांत आला. इकडे २०१३ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनें जातपंचायतींच्या जुलमाविरुद्ध मोहीम काढली. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर ह्यांचा त्याच वर्षीं २० ऑगस्टला पुण्यांत खून झाला, तरी कार्यकर्त्यांनीं ती मोहीम सोडली नाहीं. शेवटीं एप्रिल २०१६ मध्यें विधिमंडळानें सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला. राष्ट्रपतींची संमति मिळून ३ जुलै २०१७ पासून तो अंमलांत आला. भाटनगरच्या तरुणांचा गट निघाला तो त्यानंतर थोड्याच महिन्यांनीं. कायदा नसता तर तें पोलीस ठाणें ऐश्वर्याला काय सांगतें? दांडिया हा खाजगी खेळ आहे, घरीं जा.

ह्या कायद्याचें ज्ञान प्रत्येक उपदेशकास व बायबलबाईस असावें. कोणा माणसास किंवा कुटुंबास समाजाच्या विधींतून, सणांतून, स्मशानांतून, शाळा-दवाखान्यांतून, लग्नसंबंधांतून वा नेहमींच्या देवघेवींतून तोडणें, आणि तसें करावयास इतरांस भाग पाडणें, हा अपराध आहे. तसा निर्णय घेण्यास जी बैठक बसते तिच्यांत भाग घेऊन होकार देणाराहि सुटत नाहीं. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम सर्व किंवा कांहीं अंशीं पीडितास देववितां येते. तक्रार पोलीस ठाण्यांत करावी, किंवा सरळ न्यायदंडाधिकाऱ्यापुढें करावी. बहिष्काराची बैठक भरणार असल्याचें आधीं कळलें तर जिल्हाधिकाऱ्यास ती थांबवितां येते. पुढें दोन्ही पक्षांत समेट व्हावयाचा तर तो पीडिताच्या संमतीनें व न्यायालयाच्या परवानगीनेंच होतो. ही शेवटली तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण गांवांतला समेट म्हणजे बहुधा दुबळ्यानें मान खालीं घालणें असाच असतो.

कायद्यांत समाज ह्या शब्दाची जी व्याख्या आहे ती जन्मानें एकत्र आलेल्यांपुरती नाहीं. धर्मांतरानें एक झालेल्यांसहि ती लागू आहे. हें वाक्य मंडळीच्या पंचांनीं दोनदां वाचावें. आमच्या कित्येक गांवीं मंडळीची शिस्त म्हणून जें चालतें तें काय आहे? मुलीनें स्वतःच्या पसंतीनें लग्न केलें म्हणून तिच्या आईबापांशीं बोलूं नये, त्यांच्या घरचा चहा घेऊं नये, असा निरोप घरोघर फिरतो आणि कोणी विचारीत नाहीं. पंचांमध्यें जो सर्वांत सज्जन असतो तोच बहुधा हा निरोप पोंचवितो. त्याला वाटतें आपण मंडळीचें नांव राखतों. भाटनगरचे पंचहि समाजाचें नांवच राखीत होते.

आतां शिक्षकांनीं तरुणांस तयार कसें करावें? प्रथम हें सांगावें कीं, परक्या वस्तींत जाऊन तेथील लोकांस सुधारण्याचा उत्साह आवरावा. विवेक तमायचिकर ह्यांच्या शब्दास वजन आलें तें ते त्याच घरचे होते म्हणून. ज्याला कोणाचा हक्क राखावयाचा असेल त्यानें आपल्या घरांतल्या बहिणीपासून सुरुवात करावी : तिचें वय किती, तिला लग्नाविषयीं कोणी विचारलें काय, तिच्या पगाराचे पैसे कोणाच्या हातीं जातात? चाकणच्या कारखान्यांत कामास जाणाऱ्या मुलींचा पगार भावाच्या नव्या दुचाकीच्या हप्त्यांत जातो आणि भाऊ मंडळींत हक्कांवर भाषण करितो, असा प्रकार मीं स्वतः पाहिला आहे. भाषण चांगलें झालें होतें.

दुसरें, एकट्यानें उठूं नये. दोघे-तिघे आधीं एकमेकांस शब्द देऊन मग उठावें, आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याच्या घरीं त्याच संध्याकाळीं बाकीच्यांनीं जेवावयास जावें. बहिष्कार मोडण्याचें ह्याहून सोपें साधन मला माहीत नाहीं. वडील माणसांचा अपमान करूं नये; पण त्यांच्या भिडेनें लेखी तक्रार मागेंहि घेऊं नये. काय झालें, कोणत्या दिवशीं, कोण कोण हजर होतें, कोण काय बोललें, हें त्याच रात्रीं वहींत लिहून ठेवावें. चार दिवसांनीं साक्षीदारांच्या आठवणी फार सोयीस्कर होतात. अंगावर हात पडण्याची भीति असेल तर ११२ ह्या क्रमांकावर पोलिसांस बोलवावें. वकिलासाठीं पैसा नाहीं ही अडचण खरी आहे, पण १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणें स्त्रियांस, अनुसूचित जातीजमातींच्या लोकांस व गरिबांस विनामूल्य कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे, आणि तालुक्याच्या न्यायालयांत तिची समिति असते. शिक्षकानें ती कचेरी एकदां स्वतः पाहून यावी. म्हणजे दुसऱ्यास वाट दाखवितां येईल.

वर्गांतील थोरल्या मुलांस हेंहि सांगावें कीं, त्यांच्या पाठीशीं मोठे लोक उभे आहेत. १० डिसेंबर १९४८ रोजीं संयुक्त राष्ट्रांनीं मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमांत पुरुषवाचक शब्द होता, तो बदलून सर्व मानव असा शब्द घालावा म्हणून आग्रह धरणाऱ्या हंसाबेन मेहता ह्या आमच्या मुंबईच्या. लग्न उभयतांच्या पूर्ण व मोकळ्या संमतीनेंच व्हावें, असें त्याच जाहीरनाम्याचें सोळावें कलम सांगतें. आमच्या राज्यघटनेंत १९७६ सालीं नागरिकांचीं कर्तव्यें घातलीं गेलीं, त्यांत स्त्रियांच्या प्रतिष्ठेस उणेपणा आणणाऱ्या चाली सोडून देणें हें एक कर्तव्य आहे. २०१९ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र सरकारनें कौमार्य परीक्षा हा लैंगिक अत्याचार समजला जाईल असें जाहीर केलें, आणि २०२३ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयानें एका ख्रिस्ती जोगिणीच्या प्रकरणांत अशी परीक्षा घटनाविरुद्ध ठरविली. होय, जोगिणीच्या, तिच्यावर खुनाचा आरोप होता, आणि तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांनीं तिची ही तपासणी करविली होती. म्हणजे पंच फक्त वस्तींत बसतात असेंहि नाहीं.

तरी चाल संपली असें कोणी समजूं नये. २०२१ सालीं कोल्हापुरांत ह्याच समाजांतील दोन बहिणींस ह्याच परीक्षेच्या कारणानें सासर सोडावें लागलें व तें प्रकरण पोलिसांत गेलें. वीस वर्षांपूर्वीं अशी तक्रार नोंदविण्यास कोणी धजलें नसतें.

योहानाचा आठवा अध्याय शेवटीं वाचावा व वाचून झाल्यावर मुलांस विचारावें कीं, त्या बाईला धरून आणणाऱ्या घोळक्यांत तिचे भाऊ असतील काय? असतील तर ते पहिल्यानें निघून गेले असतील कीं शेवटीं? शास्त्रांत ह्याचें उत्तर नाहीं, म्हणून प्रत्येकास आपलें उत्तर द्यावें लागेल. दुसरा प्रश्न मुलग्यांसाठीं : तुमच्या लग्नांत असा कोणता प्रश्न विचारला जाईल कीं ज्याचें उत्तर देण्याचें तुम्ही नाकारावें? हुंड्याचा विचार येथें निघेल, निघूं द्यावा. तिसरा प्रश्न मुलींसाठीं आहे, व तो मुलग्यांसमोरच विचारावा : तुम्हांस कोणी न विचारतां तुमच्याविषयीं काय काय ठरविलें गेलें आहे? बहुतकरून कोणी लगेच बोलणार नाहीं. शिक्षकानें घाई करूं नये, घंटा वाजवूं नये, आणि त्यांच्याऐवजीं आपण उत्तर देऊं नये.